मेंदूच्या लहरींनी अक्षरं निवडणं: खेड्यात, मराठीतून, आज काय जमेल?

वावरवाला

रामराम मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो आहे. आमच्या मोठ्या बाबांना एएलएस आहे, म्हणजे मोटर न्यूरॉनचा आजार. हातपाय गेले, मान धरत नाही, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली त्यामुळे आवाज बंद. डोळे चारी बाजूंना व्यवस्थित फिरतात आणि समज पूर्ण शाबूत आहे. पोळ्याला आखरावर झडत्या म्हणणारा, खंजिरी घेऊन रात्ररात्र भजन करणारा माणूस आता आमच्याकडे नुसता बघत पडून असतो. मोठी आई अंदाजानं विचारत राहते, पाणी पाहिजे का, कूस बदलू का. अंदाज चुकला की ते डोळे मिटून घेतात.

व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. डोक्यावर टोपी, तिला वायरी, समोर पडद्यावर अक्षरं लखलखतात आणि माणूस हात न लावता शब्द लिहितो. हे खरं आहे का? मराठीत होतं का? आमच्याकडे शेतीच्या लाईनीचा आणि गावठाणाच्या लाईनीचा दोन्हीचा भरवसा नाही, तिथं चालेल का? शहरातला एक विक्रेता कपाळावर लावायचा पट्टा विकायला तयार आहे, किंमत मोठी सांगतो. घेण्याआधी इथं विचारतो आहे.

सिग्नलवाली

भाऊ, मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, पुण्यात मेंदूच्या सिग्नलवरच काम करते. व्हिडिओतलं तंत्र खरं आहे आणि बरंच जुनं आहे. माणसाच्या मेंदूतली वीज डोक्याच्या बाहेरून टिपायचं काम जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केलं आणि १९२९ मध्ये छापलं. मेंदू थेट संगणकाला जोडायची कल्पना अमेरिकेत झाक विडाल यांनी १९७३ मध्ये मांडली. अक्षरं निवडायचं जे यंत्र तुम्ही पाहिलं त्याचं मूळ १९८८ चं, फारवेल आणि डॉन्चिन या दोघांचं.

ते कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण विक्रेते इथेच फसवतात. पडद्यावर सहा ओळी आणि सहा रकाने असतात, म्हणजे ३६ खाने. ओळी आणि रकाने एकेक करून उजळतात, क्रम ठरलेला नसतो. आपल्याला हवं ते अक्षर उजळलं की मनात मोजायचं, एक, दोन, तीन. बारा उजळण्यांमध्ये हवं असलेलं अक्षर दोनदाच येतं, एकदा ओळीत, एकदा रकान्यात. क्वचित येणारी आणि आपण टपून बसलेलो असतो अशी गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत एक उंचवटा उठतो. त्याचं नाव पी३००. १९६५ पासून तो माहीत आहे. ज्या ओळीला आणि ज्या रकान्याला उंचवटा आला, ते दोन जिथं मिळतात ते अक्षर.

म्हणजे यंत्राला तुमच्या मनातला ‘क’ दिसत नाही. ‘आत्ता उजळलं ते मला पाहिजे होतं’ एवढंच त्याला कळतं. मनातलं वाचतो असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आता अडचण. हा उंचवटा काही मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) असतो, बाकीच्या लहरी त्याहून कितीतरी मोठ्या, आणि डोळ्याची पापणी लवली की सगळं झाकून जातं. म्हणून एकच ओळ पुन्हा पुन्हा उजळवून सरासरी काढावी लागते. चार फेऱ्या घेतल्या तर गोंगाट निम्मा होतो, सोळा घेतल्या तर पाव. दर १७५ मिलिसेकंदांनी एक उजळणी धरली तर बारा उजळण्यांची एक फेरी २.१ सेकंदांची, दहा फेऱ्या म्हणजे एका अक्षराला २१ सेकंद. १९८८ च्या यंत्राचा वेग मिनिटाला २.३ अक्षरं होता. पुढे गणित सुधारलं, वेग वाढला, पण टोपीवर बोलण्याचा वेग मिळत नाही.

वावरवाला

म्हणजे ‘पाणी’ लिहायला प, काना, ण, वेलांटी, अशा चार निवडी. सव्वा-दीड मिनिट. तहान लागलेल्या माणसाला जास्तच आहे, पण आत्ता तर तेही नाही आमच्याकडे. मराठीचं काय ताई?

सिग्नलवाली

देवनागरीवर काम झालेलं आहे, तेही आपल्या शेजारी. रायपूरच्या एनआयटीमधल्या संशोधकांनी देवनागरीचा पी३०० तक्ता केला, आठ ओळी आठ रकाने, ६४ खाने. स्वर, व्यंजनं आणि मात्रा यांना इंग्रजीपेक्षा जागा जास्तच लागते. त्याचे दोन परिणाम. एका फेरीत १६ उजळण्या होतात, म्हणून फेरी लांबते. पण हवं अक्षर आठात एकदाच येतं, आणि जितकं क्वचित तितका उंचवटा ठळक. एक हात देतो, एक घेतो.

मला स्वतःला वाटतं की आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची आहे. आधी वर्ग निवडायचा, मग वर्गातलं अक्षर, मग पडद्यावर फक्त त्या अक्षराची बाराखडी येऊ द्यायची. प्रत्येक वेळी निवड थोड्याच खान्यांतून करायची. हे कोणीतरी मराठीतल्या माणसानं नीट बांधायला हवं.

बैठकीतला

मी उलीसा वेगळा बोलतो, राग नका मानू. काहाले त्या माणसाले त्रास देता? टोप्या घालाच्या, वायरी लावाच्या, अन् अक्षरासाठी घडीभर तंगवाचं. घरच्याइले त्याइचे डोये पाहून सारं समजते. भजन लावून द्या, जवळ बसा, सेवा करा. पैसा पाण्यात घालू नका.

पुसदची लेक

बैठकीतला काका, तुम्ही मायेनं बोलता हे कळतं. पण डोळे पाहून सगळं समजतं हे मला आता मान्य होत नाही. माझ्या आईला हाच आजार होता. आम्हीही तसंच म्हणायचो. मग एका स्पीच थेरपिस्ट ताईंनी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून ती कशी विचारायची ते शिकवलं.

एक प्रसंग सांगते. आईनं ‘तूर’ एवढं निवडलं. वहिनी उठली, तिनं वरण शिजवलं, पातळ करून पोटाच्या नळीतून दिलं. आई नाराजच. पुन्हा तक्ता समोर धरला. तेव्हा ‘खा’, ‘ल’, ‘चं’ असं आलं. खालचं वावर! आम्ही त्या साली खालच्या वावरात सगळं सोयाबीन पेरायचं ठरवलं होतं आणि ते तिच्या खोलीच्या दारातच बसून बोललो होतो. तिला तिथं तुरीची ओळ पाहिजे होती, कारण त्या तुकड्यात पाणी साचतं आणि सोयाबीन पिवळं पडतं हे तिला चाळीस वर्षं माहीत. तिचे डोळे पाहून हे कोणाला कळलं असतं? तहान, भूक, कूस, दुखणं, यांचे अंदाज आपण बांधतो. ‘मला तुमचं पटत नाही’ याचा अंदाज कोणी बांधत नाही.

आणि मोठा प्रश्न श्वासाच्या मशीनचा येतो. लावायची की नाही, किती दिवस, दवाखान्यात की घरी. ते त्या माणसानं स्वतः सांगायला हवं. त्यासाठी दीड मिनिटाला एक शब्द मिळाला तरी तो घ्यावा.

बैठकीतला

खरं हाय पोरी. हे माह्या ध्यानात नव्हतं आलं. मले त्या पुठ्ठ्याचं सांग, आमच्या गावात लकव्यानं वाचा गेलेला एक बुवा हाय.

वाचाताई

वर्धा जिल्ह्यात वाचा-उपचाराचं काम करते. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. वावरवाला भाऊ, तुमच्या मोठ्या बाबांचे डोळे चारी बाजूंना फिरतात हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. मेंदूच्या टोपीपेक्षा ते कितीतरी मोठं साधन आहे. एएलएसमध्ये डोळ्यांचे स्नायू बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकतात. म्हणून सुरुवात टोपीपासून करू नका.

सगळ्यात आधी ‘हो’ आणि ‘नाही’ पक्कं करा. वर बघणं म्हणजे हो, खाली बघणं म्हणजे नाही, असं काहीही, पण घरातल्या सगळ्यांसाठी एकच. पापणी मिटणं शक्यतो ठेवू नका, पापणी आपोआपही मिटते. खूण भरवशाची आहे का ते तपासायला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा आणि तेच प्रश्न उलटे करूनही विचारा. ‘आज सोमवार आहे का?’ आणि थोड्या वेळानं ‘आज सोमवार नाही ना?’ एकाला हो आलं तर दुसऱ्याला नाही आलं पाहिजे.

मग तक्ता. एका पुठ्ठ्यावर जाड मार्करनं आडव्या ओळी:

अ आ इ उ ए ओ
क ख ग घ
च छ ज झ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म
य र ल व
श स ह ळ

ङ, ञ, ष, क्ष, ज्ञ गाळून टाका, गरज पडली तर जवळच्या अक्षरानं भागतं. ऱ्हस्व-दीर्घाचा हट्ट अजिबात नको. सगळ्यात वर एक वेगळी ओळ तयार शब्दांची ठेवा: कफ काढा, दुखतंय, कूस, पाणी, गरम होतंय, चुकलं. ‘कफ काढा’ पहिलं, कारण तेवढीच गोष्ट थांबू शकत नाही. ‘चुकलं’ हा शब्द ठेवायला विसरू नका, नाहीतर चुकीचं अक्षर मागे घ्यायची सोयच उरत नाही.

मदतनीस बोट ठेवून ओळ मोठ्यानं म्हणतो, ‘तयार शब्द? स्वर? क? च? ट?’ हव्या ओळीला ते वर बघतात. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. अक्षर मिळालं की बाराखडी म्हणायची, ‘प, पा, पि, पु, पे, पो, पं’. एका ओळीला दोन श्वास थांबा, घाई नको. अक्षरं मनात ठेवू नका, दुसऱ्यानं वहीत लिहीत जावं. वारंवार येणारी अक्षरं पुढे घ्यावीत असंही सुचवलं जातं, पण ज्यांना शाळेपासून क्रम पाठ आहे त्यांना तो मोडल्यावर पुढे काय येणार याची चाहूल लागत नाही. मी क्रम तसाच ठेवते.

डोळे चांगले असल्यामुळे आणखी एक करता येईल. पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी घ्या, मध्ये खिडकी कापा, अक्षरांचे गट कोपऱ्यांत आणि कडांना लिहा. तुम्ही पाटीच्या पलीकडे समोरासमोर बसा. ते कोणत्या कोपऱ्याकडे बघतात ते तुम्हाला आरपार दिसतं. सराव झाला की ओळी म्हणत बसायची गरज राहत नाही.

वावरवाला

ताई, आज संध्याकाळीच पुठ्ठा बनवतो. शाळेत शिक्षक आहे, मार्करची कमी नाही. त्या पट्ट्याचं मग काय करू? विक्रेता रोज फोन करून राहिला.

सिग्नलवाली

नका घेऊ. कपाळावरचा एक-दोन सेन्सरचा पट्टा मुख्यतः पापण्यांची आणि भुवयांच्या स्नायूंची वीज टिपतो. पी३०० चांगला दिसतो तो टाळूवर आणि टाळूच्या मागे, आणि अक्षरं लिहायला साधारण आठ जागांचे सेन्सर वापरतात, काही अगदी मागे, दृष्टीच्या भागावर. विक्रेत्याला इतकंच सांगा: आमच्या घरी या, मोठ्या बाबांनाच लावा, आणि आम्ही सांगू तो चार अक्षरी मराठी शब्द त्यांच्याकडून लिहून दाखवा. किती मिनिटं लागली आणि किती अक्षरं चुकली ते आम्ही मोजू. तो आला नाही तर उत्तर मिळालंच.

चांगल्या टोपीचीही खेड्यातली परिस्थिती सांगते, म्हणजे पुढे कधी विचार केला तर माहीत असू दे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, ती तारांतून आणि भिंतींतून सिग्नलमध्ये शिरते. अर्थिंग कच्चं असेल तर जास्त. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, चार्जर काढून. कूलरची मोटर जवळ असली की गोंगाट, आणि वैशाखात पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करता येत नाही. घाम आला की सेन्सरचा सिग्नल सावकाश वरखाली वाहत जातो. केसांना तेल असेल तर संपर्क होत नाही, म्हणून आधी डोकं धुवायचं. जेल लावायचं, काम झाल्यावर पुन्हा धुवायचं. हिवाळ्यात पहाटे हे सगळं बरं जमेल.

पुसदची लेक

झोपलेल्या माणसाचं डोकं धुणं सोपं काम नाही. मानेखाली रबरी कापड, बादली खाली, आणि एक जण गळ्याच्या नळीवर हात ठेवून, पाणी जाऊ नये म्हणून. दोन बाया लागतात. दिवसाला दोनदा ते कोण करणार, हा प्रश्न यंत्राच्या किमतीआधी येतो.

ओपीडीवाला

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. बातम्यांमध्ये ज्या मोठ्या वेगाच्या गोष्टी येतात त्यांच्याबद्दल लिहितो, कारण नातेवाईक त्याच दाखवून विचारतात.

त्या टोपीच्या नाहीत. कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर किंवा आत सेन्सर बसवलेले असतात. २०२१ मध्ये अमेरिकेत हाताला लकवा असलेल्या एकानं ‘मी हातानं लिहितो आहे’ असा मनात प्रयत्न केला आणि संगणकानं मिनिटाला ९० अक्षरं ओळखली. २०२३ मध्ये एएलएस असलेल्या एका बाईंनी बोलायचा प्रयत्न केला, त्यातून मिनिटाला ६२ शब्द निघाले, पण सव्वा लाख शब्दांच्या कोशावर चारातला जवळपास एक शब्द चुकत होता. २०२४ मध्ये आणखी एका एएलएस रुग्णात २५६ सेन्सर वापरून तितक्याच शब्दांवर अचूकता ९७.५ टक्क्यांपर्यंत गेली. हे ऐकून मला खरोखर आनंद होतो. पण हे सगळं संशोधनातलं आहे, इंग्रजीतलं आहे, आणि सोबत तज्ज्ञांची तुकडी लागते.

ज्यांचे डोळेही थांबले त्यांचं काय, हा खरा कठीण प्रश्न. २०२२ मध्ये जर्मनीतल्या अशा एका माणसानं, मेंदूत बसवलेल्या सेन्सरांच्या आधारे, आवाजाची पट्टी वर-खाली करून हो-नाही सांगितलं आणि मिनिटाला साधारण एक अक्षर या वेगानं वाक्यं लिहिली. मुलाशी बोलला, खायला काय हवं ते सांगितलं. पण त्याच गटाचा २०१७ चा, डोक्यावर प्रकाश टाकून मेंदूतल्या रक्तातला बदल मोजण्याच्या पद्धतीवरचा शोधनिबंध पुढे २०१९ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून पूर्ण थांबलेल्या माणसाच्या नावानं कोणी ‘तो हो म्हणाला’ असं सांगितलं तर पुरावा मागावा. विशेषतः अंगठा, सही, जमिनीची वाटणी असल्या गोष्टींत.

तेवढ्यात एक गैरसमज. पी३०० च्या पडद्याला डोळे लागत नाहीत असं अनेकांना वाटतं. लागतात. हव्या अक्षरावर नजर रोखता आली नाही तर अचूकता बरीच पडते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे डोळे फिरत असतील तर डोळ्यांची साधनं वेगवान पडतात, आणि डोळे फिरत नसतील तर ही टोपीही अडखळते.

सिग्नलवाली

डॉक्टर, अगदी बरोबर. म्हणून पाटीनंतरची पायरी कॅमेऱ्यानं नजर टिपणारं साधन, टोपी नव्हे. त्याआधी साध्या अँड्रॉइड फोनवर गूगलचं लुक टू स्पीक हे फुकट ॲप बघा. डावीकडे, उजवीकडे आणि वर बघून ठरलेल्या वाक्यांमधून निवड करता येते, वाक्यं आपली टाकता येतात. फोन डोळ्यांच्या पातळीवर घट्ट बसवायला स्टँड करून घ्या, लोहाराकडूनही होईल. हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण नेहमी देतात, तर त्यांचं यंत्रही मेंदूच्या लहरींवर नव्हतं. गालाच्या एका स्नायूची हालचाल चष्म्याला लावलेला सेन्सर टिपायचा. शरीरात जी एक हालचाल उरली ती शोधायची, हाच मार्ग.

आणि तक्त्यावर घातलेली मेहनत वाया जात नाही. पुढे कधी नजरेचं साधन आलं किंवा टोपी आली तरी तिला अक्षरांची मांडणी लागेल, तयार शब्द लागतील, आणि दोन-तीन अक्षरांवरून पुढचा शब्द सुचवायला त्या माणसाच्या बोलण्याचा साठा लागेल. वर्तमानपत्रातल्या मराठीवर शिकलेला संगणक ‘पऱ्हाटी’, ‘वावर’, ‘उलीसं’ हे सुचवणार नाही. तुमची वही सुचवेल. वहीत तारीख, वेळ, निवडलेली अक्षरं आणि शेवटी निघालेला अर्थ, चारही लिहा. चुकलेली अक्षरंही खोडू नका, कोणत्या ओळीला घोटाळा होतो ते त्यातूनच कळतं.

वाचाताई

त्यात एक भर. या आजाराचं निदान नुकतंच झालंय आणि अजून आवाज आहे असे कोणी वाचत असतील तर आजच फोनवर बोलणं टिपून ठेवा. नातवंडांची नावं, रोजची वाक्यं, शिव्यासुद्धा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जुनाट मज्जासंस्थेचे आजार येतात, जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. साधनं मागताना ते लागतं.

वावरवाला

पुठ्ठा झाला. मोठी आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळे तिला ओळी वाचता येत नाहीत. पण ओळी तोंडपाठ करून म्हणता येतात, आणि अक्षर मिळालं की नातू लिहितो. मोठ्या बाबांचं पहिलं निघालं ते ‘खं’. पुढे आम्हीच ‘खंजिरी का?’ म्हणून विचारलं तर त्यांनी खाली बघितलं, नाही. पुढे ‘ड’ आला. खंडूभाऊ, आमचा सालदार. त्याला त्याच्या पैशाचं विचारायचं होतं, दिले की नाही. राहिले होते, खरंच. काल देऊन आलो.

अर्ध्यात शब्द ओढू नये हे त्यावरून ठरवलं. पूर्ण होऊ द्यायचं, मगच विचारायचं.

वाचाताई

पूर्ण होऊ देणं ते थकलेले नसतील तेव्हा. थकले की अंदाज चालतो, पण आधी विचारायचं, ‘मी ओळखू का?’ ती परवानगीही त्यांचीच. ती तयार शब्दांच्या ओळीत घाला: ‘ओळखा’ आणि ‘थांबा’.

झाडीपट्टीतून

भंडारा जिल्ह्यातून. माझ्या मामाजींना मेंदूच्या देठात रक्ताची गाठ होऊन असंच झालं आहे, त्यांचे डोळे फक्त वर-खाली फिरतात, बाजूला नाही. अक्षरांची पाटी त्यांना चालणार नाही ना?

वाचाताई

कोपऱ्यांची पाटी नाही चालणार. ओळी म्हणून विचारायचा पुठ्ठा चालेल, त्याला वर बघणं एवढंच लागतं. तयार शब्दांची ओळ मात्र तुमच्या घरात बोलतात त्या शब्दांनी भरा, वर्ध्याच्या शब्दांनी नको. धानाचे, तळ्याचे, तुमच्याकडचे. मामाजींना ‘हो’ची खूण देताना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून इथं लिहा, त्यावरून ओळी किती सावकाश म्हणायच्या ते सांगते.